कॅमेऱ्यातलं मैदान आणि मैदानातल्या मुली



२ नोव्हेंबर २०२५ ची रात्र तुमच्यापैकी पुष्कळजणींनी जागून काढली असेल. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर पावसामुळे सामना दोन तास उशिरा सुरू झाला, मध्यरात्र उलटून गेली, आणि हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून महिलांचा एकदिवसीय विश्वचषक पहिल्यांदाच भारतात आणला. सांगलीची स्मृती मानधना, मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज ही नावं दुसऱ्या दिवशी पानटपरीवरसुद्धा ऐकू येत होती.

त्यानंतरच्या आमच्या बैठकीत ठरलेला विषय बाजूला राहिला आणि गप्पा त्या सामन्यावरच आल्या. औसा तालुक्यातली आमची एक कार्यकर्ती म्हणाली, "मॅच मी शेवटपर्यंत पाहिली की! पण हे झोपल्यावर, ह्यांच्या मोबाईलवर, आवाज बंद करून." सगळ्याजणी हसल्या. मग मुखेडकडची एकजण म्हणाली, "आमच्या शाळेच्या पोरी कबड्डीत तालुक्याला पहिल्या आल्या. त्याचा एक फोटो कुणाकडे नाही. पोरांच्या टेनिस बॉलच्या मॅचला मात्र वर ड्रोन उडत होतं." तेव्हा कुणी हसलं नाही. यावेळचं संपादकीय त्या दोघींच्या या बोलण्यावरच लिहिते आहे.

नव्या तंत्रज्ञानाने खेळाचा चेहरामोहरा बदलला, असं आपण सतत वाचतो. बदलला हे खरंच आहे. पण आपल्याला सवयीने एक प्रश्न पडतो आणि तो इथेही विचारायला हवा: बदलला तो कुणासाठी? यंत्राला काही बाई-पुरुष कळत नाही, पण ते कुठे लावायचं, कुणाकडे वळवायचं आणि कधी बंद करायचं हे ठरवणारी माणसं असतात. त्या माणसांत आपण किती आहोत?

थोडं मागे जाऊ. १९८२ साली ऑगस्टमध्ये लातूर हा वेगळा जिल्हा झाला. त्याच वर्षाअखेर दिल्लीला एशियाड भरलं आणि त्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झालं. भारतात खेळ आणि टीव्ही यांची खरी सोयरीक जुळली ती तिथे. त्या एशियाडमधलं हॉकी म्हटलं की आमच्या पिढीतल्या कुणालाही एकच गोष्ट आठवते, पुरुषांच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने आपल्याला ७-१ असं हरवलं ती. पण त्याच एशियाडमध्ये बायकांचं हॉकी पहिल्यांदा खेळलं गेलं आणि त्याचं सुवर्णपदक भारताने मिळवलं. कर्णधार होती पुण्याची एलायझा नेल्सन. आपलं नांदेड तर हॉकीचं गाव. गुरू गोविंदसिंगजींच्या नावाची गोल्ड आणि सिल्व्हर कप स्पर्धा तिथे वर्षानुवर्षं भरत आली आहे. तिथल्या एखाद्या हॉकीवेड्या आजोबांना विचारून पाहा. ७-१ चा गोल न् गोल सांगतील. एलायझा नेल्सनचं नाव आठवेल का, सांगता येत नाही. पुरुषांची हार राष्ट्राची हार म्हणून मनात कोरली गेली, बायकांची जीत मात्र एका ओळीची बातमी होऊन विरून गेली.

"लोक बघत नाहीत म्हणून आम्ही दाखवत नाही," असं वाहिन्यांचे लोक वर्षानुवर्षं सांगत आले. दाखवत नाहीत म्हणून लोक बघत नाहीत, हे आपण सांगत आलो. हे चक्र थोडंसं मोडलं ते २०१७ साली. इंग्लंडमधल्या विश्वचषकात हरमनप्रीतने उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १७१ धावा काढल्या, ते टीव्हीवर दिसलं आणि देश एकदम जागा झाला. अंतिम सामना आपण ९ धावांनी हरलो, तरी त्या मुली परत आल्या तेव्हा विमानतळावर गर्दी होती. पुढे २०२२ साली क्रिकेट मंडळाने आंतरराष्ट्रीय सामन्यांचं मानधन स्त्री-पुरुषांना सारखं केलं. २०२३ साली महिलांची प्रीमियर लीग सुरू झाली आणि पाच वर्षांच्या प्रक्षेपणहक्कांसाठी एका कंपनीने ९५१ कोटी रुपये मोजले. बाजार आपल्यावर मेहेरबान झाला असं समजायचं कारण नाही. बघणारे आहेत हे दिसल्यावर त्याने माल उचलला, इतकंच.

पण २०१७ च्या त्या विश्वचषकातली दुसरी एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते तीच आपल्या कामाची आहे. पंचाने चुकीचा निर्णय दिला तर खेळाडूला दाद मागता येते, तिसरा पंच कॅमेऱ्यातली चित्रं पुन्हा पुन्हा पाहून निकाल देतो. याला डीआरएस म्हणतात. महिलांच्या विश्वचषकात ही सोय पहिल्यांदा आली ती तेव्हाच. मात्र ३१ सामन्यांपैकी टीव्हीने दाखवायला घेतले दहा. उरलेले २१ नुसते इंटरनेटवर, थोड्या कॅमेऱ्यांनिशी. आणि डीआरएस मिळाली ती फक्त टीव्हीवरच्या सामन्यांना! स्पर्धा तीच, नियमांचं पुस्तक तेच, पण तुमचा सामना टीव्हीने निवडला असेल तरच तुम्हाला पंचाविरुद्ध दाद मागता येणार. बायकांच्या तक्रारी घेऊन पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवणाऱ्या तुम्हा कार्यकर्त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. ज्या प्रकरणाला कॅमेरा लाभतो त्याची नोंद लगेच होते, बाकीच्यांना "उद्या या."

याच्या उलट, बाईवर संशय घेणारं यंत्र मात्र कधी उशिरा आलेलं नाही. १९६८ च्या ऑलिंपिकपासून खेळाडू स्त्रियांनी आपण स्त्रिया आहोत हे प्रयोगशाळेत सिद्ध करायचं, अशी पद्धत पडली. ती सरसकट तपासणी ऑलिंपिकमध्ये थांबायला तीस वर्षं गेली. तामिळनाडूच्या शांती सौंदराजनने २००६ च्या दोहा एशियाडमध्ये ८०० मीटरमध्ये रौप्यपदक मिळवलं आणि अशाच तपासणीनंतर ते काढून घेतलं गेलं. ओडिशाच्या द्युती चंदला २०१४ साली संघाबाहेर ठेवलं, ती लवादाकडे गेली आणि २०१५ साली निकाल तिच्या बाजूने लागला. आता सप्टेंबर २०२५ पासून जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने पुन्हा जनुकीय चाचणी आणली आहे, स्त्रियांच्या गटात धावायचं तर आयुष्यात एकदा ती द्यावीच लागेल. निष्पक्ष स्पर्धेचा प्रश्न खोटा आहे असं मी म्हणत नाही. त्यावर आपल्या चळवळीतही दोन मतं आहेत आणि ती मोकळेपणी मांडली जावीत. पण शांतीसारखी गरीब घरातली मुलगी गालातला कापूस किंवा रक्ताची बाटली देताना काय सही करते, निकाल कुणाकुणाला कळतो, आणि तो गावात फुटला तर तिच्या पाठीशी कोण उभं राहतं, याची व्यवस्था काय? चाचणी यंत्राने होते. नंतरची बदनामी माणसं करतात.

आता आपल्या मातीतल्या खेळांकडे येऊ. खो-खो हा तर मराठवाड्यातल्या मुलींचा खेळ. शेजारच्या धाराशिवची सारिका काळे २०२० सालच्या अर्जुन पुरस्काराची मानकरी. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तो आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवून जिंकला. कर्णधार प्रियांका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातली, संघात धाराशिवची अश्विनी शिंदेही होती. हे वाचून छाती भरून येते. पण त्याआधी २०२२ साली टीव्हीसाठी म्हणून जी मोठी व्यावसायिक खो-खो लीग सुरू झाली, तिच्यात मुलींचा एकही संघ नव्हता. खेळ मातीवरून मॅटवर आला, डावाची वेळ नऊ मिनिटांवरून सातवर आली, दिवे आले, समालोचन आलं, खेळाडूंची ड्राफ्टने निवड झाली. ज्या खेळात आपल्या मुली जगज्जेत्या होणार होत्या, त्याचा हा नवा संसार मुलांनी थाटला. कबड्डीचंही तसंच. प्रो कबड्डी २०१४ साली आली आणि घराघरांत पोचली. मुलींसाठी २०१६ साली तीन संघांचं एक छोटं सत्र त्याच वाहिनीने करून पाहिलं. अंतिम सामना २४-२३ असा, एका गुणाने सुटला. याहून चुरशीचा खेळ तो कोणता? पण पुढच्या वर्षी प्रो कबड्डीच्या जोडीला मुलींचं सत्र नव्हतं.

मॅटची गोष्ट वरवर साधी वाटते. पण खालच्या पातळीवर काय होतं ते एखाद्या क्रीडाशिक्षिकेला विचारा. मुलगी शाळेच्या मैदानात मातीवर, अनवाणी खेळून तयार होते. वरच्या स्पर्धेत मॅट असते, तिथे बूट लागतात, वळण्याची, सूर मारण्याची पद्धत बदलते, अंदाज चुकतो. मॅट जिल्ह्याच्या गावी, मुलगी देगलूरला किंवा निलंग्याला. सरावासाठी एसटीने जायचं म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, परत किती वाजता येणार? मुलाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. म्हणजे खेळाचा पृष्ठभाग बदलला की शेवटची एसटी, बुटांचे पैसे आणि बापाची परवानगी अशा तीन नव्या अडचणी मुलीपुढे उभ्या राहतात, मुलापुढे फार तर एक.

गावातल्या क्रिकेटचं सांगायलाच नको. कुणाच्या ना कुणाच्या नावाचा चषक, रात्रीचे दिवे, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण, धावफलक मोबाईलवर. वीस वर्षांपूर्वी जे मुंबई-पुण्याच्या मैदानांनाही मिळत नव्हतं ते आज उदगीर-कंधारकडच्या टेनिस बॉलच्या स्पर्धेला मिळतं, हे कौतुकाचंच आहे. गावच्या पोराने मारलेला षटकार पुण्याच्या कंपनीत काम करणारा त्याचा भाऊ त्याच क्षणी बघतो. पण या चित्रणात बाई शोधा. ती बक्षीस समारंभात पाहुण्यांना पुष्पगुच्छ देताना सापडेल, तीही सरपंच असली तर. पुष्कळदा तीही नाही, तिच्या वतीने तिचे "पती". आम्ही हे थट्टेने लिहीत नाही. ग्रामपंचायतीची जागा, ग्रामपंचायतीची वीज, गावाची वर्गणी, आणि मैदान एका बाजूचं.

या सगळ्यात नांदेड जिल्ह्यातल्या एका बाईची गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. मुखेड तालुक्यातल्या होनवडजची भाग्यश्री जाधव. एफ-३४ हा गोळाफेकीचा गट धड आणि हातापायांच्या हालचालींवर परिणाम झालेल्या, बसून फेकणाऱ्या खेळाडूंचा. टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये २०२१ साली ती सातवी आली. २०२३ साली हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवलं. पॅरिसमध्ये २८ ऑगस्ट २०२४ ला उद्घाटनाच्या संचलनात सुमित अंतिलच्या बरोबरीने भारताचा झेंडा तिच्या हातात होता, आणि स्पर्धेत ती पाचवी आली. मराठवाड्यातल्या गावची बाई देशाचा झेंडा घेऊन पॅरिसमधून गेली, आणि ते दृश्य आपण हातातल्या फोनवर पाहिलं. आधीच्या काळात पॅरालिंपिक अशा घरबसल्या पाहायला मिळत नव्हत्या. या तंत्रज्ञानाचे उपकार मानायचे तर इथे मानायला हवेत.

पण तिच्याबद्दल मराठीत काय काय छापून आलं ते आठवा. दुर्दैवावर मात, नियतीला हरवलं, जिद्दीची कहाणी. तिच्या दुःखाचे रकाने भरले. ती गोळा फेकते कसा, हे कुणी लिहिलं? बसून फेकणाऱ्या खेळाडूची एक खास चौकट असते, ती उशीसकट ७५ सेंटिमीटरपेक्षा उंच चालत नाही, जमिनीला पक्की बांधावी लागते आणि खेळाडूला तिच्यावर पट्ट्यांनी बांधून घ्यावं लागतं. पायांचा जोर मिळत नाही, सगळी ताकद धडाच्या आणि खांद्याच्या हिसड्यातून काढायची. बांधाबांधीला वेळ लागतो म्हणून प्रत्येकीने आपल्या फेकी ओळीने, एकामागून एक करायच्या. दम घ्यायला, चुकलेली फेक मनातून काढून टाकायला वेळच नाही. हे कौशल्य आहे, आणि या चौकटीचं, पट्ट्यांचं तंत्रही तंत्रज्ञानच आहे. फक्त त्यावर कुणी कार्यक्रम करत नाही. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत अपंग मुलीला अशा चौकटीवर बसून सराव करता येईल अशी जागा किती अंतरावर आहे, ती जागा तळमजल्यावर आहे की जिन्यावर, तिथे बायकांसाठी वापरण्याजोगं स्वच्छतागृह आहे का, हे विचारणारी बातमी झाली असती तर होनवडजच्या झेंड्याचा उपयोग झाला असता. बाईची करुण कहाणी विकली जाते, तिचं तंत्र विकलं जात नाही, हे माध्यमांचं जुनं गणित नव्या कॅमेऱ्यानेही बदललेलं नाही.

आणि आता मुळाशी असलेली भीती. मुखेडच्या त्या मुलींचा फोटो का नाही, याचं उत्तर आम्ही शोधलं तेव्हा कळलं, फोटो काढायला शाळेतच कुणी तयार नव्हतं. हाफ पँटमधल्या मुलींचा फोटो कुठे फिरेल, त्याखाली काय लिहिलं जाईल, उद्या सोयरीक जमवताना कुणी दाखवेल, हे सगळं मनात. ही भीती उगाच आहे असं आपण म्हणू शकत नाही. २८ मे २०२३ ला दिल्लीत लैंगिक छळाविरुद्ध लढणाऱ्या कुस्तीगीर मुलींना पोलिसांनी उचललं, तेव्हा गाडीत बसलेल्या विनेश आणि संगीता फोगाट हसताहेत असा फोटो काही तासांत देशभर फिरला. मूळ फोटोत त्या हसत नव्हत्या. यंत्राने त्यांच्या चेहऱ्यावर हसू चिकटवलं होतं. ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या, सगळ्या देशाला माहीत असलेल्या विनेशचं हे होत असेल, तर तालुक्याच्या कबड्डीपटूने कुणाच्या भरवशावर फोटो काढू द्यायचा?

पण भीतीवरचा उपाय म्हणून मुलीलाच चौकटीबाहेर ठेवलं, तर एलायझा नेल्सनचंच पुन्हा होणार. फोटो नाही, बातमी नाही, प्रमाणपत्र कपाटात, आणि चार वर्षांनी ती खेळायची हेही कुणाला आठवत नाही. त्यापेक्षा फोटो कुणी काढायचा, कुठे ठेवायचा, कुणाला द्यायचा हे मुली, त्यांचे पालक आणि शिक्षिका यांनी बसून ठरवावं. यासाठी कायदा आपल्या हाताशी आहे, तो माहीत हवा. कपडे बदलण्याच्या खोलीत चोरून चित्रण करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, ऑनलाइन पाठलाग कलम ७८ खाली. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर पोक्सो लागतो. आणि २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कामाच्या जागेच्या व्याख्येत क्रीडासंस्था, स्टेडियम आणि स्पर्धेची जागा यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. रात्री अकरा वाजता मुलीला "झोपलीस का" असा मेसेज पाठवणारा प्रशिक्षक त्या कायद्याच्या कक्षेबाहेर नाही. आपल्या जिल्ह्यातल्या किती क्रीडासंस्थांनी तक्रार समिती नेमली आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारण्याचं काम आपल्या गटांनी अंगावर घ्यावं.

हे सगळं करायचं तर हातात फोन हवा, स्वतःचा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे ५४ टक्के बायकांनी आपण स्वतः वापरतो असा मोबाईल असल्याचं सांगितलं. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. त्यानंतर फोन वाढले असतील, पण औशाच्या आमच्या मैत्रिणीने विश्वचषक कसा पाहिला ते वर लिहिलंच आहे. बचत गटांतून शिलाई मशीनसाठी, शेळीसाठी कर्ज देतो, तसं फोनसाठी का देऊ नये, हा मुद्दा बैठकीत निघाला. काहीजणींना तो चैनीचा वाटला. मला वाटत नाही. त्यावर तुमची मतं लिहा.

पुढच्या अंकासाठी एक काम सर्व गटांकडे मागते आहे. आपल्या गावातल्या मैदानावर एका आठवड्यात संध्याकाळी जाऊन या आणि नोंद करा: मुली किती वाजेपर्यंत दिसतात, कोणता खेळ खेळतात, दिवे आहेत का, जवळ संडास आहे का, आणि गावात गेल्या वर्षी ज्या स्पर्धांचं चित्रण झालं त्यात मुलींचा एखादा सामना होता का. पोस्टकार्डावर चालेल, व्हॉट्सॲपवर चालेल, बोलून पाठवलंत तरी आम्ही उतरवून घेऊ.

मुखेडच्या मुलींचा फोटोही त्यांच्या आणि घरच्यांच्या संमतीने पुढच्या अंकात छापायचं ठरलं आहे. शिक्षिकाबाई स्वतः काढणार आहेत, मैदानावर, खेळाच्या कपड्यांतच. संघातली एक मुलगी मात्र दिवाळीनंतर शाळेत आलेली नाही. "स्थळ आलंय" एवढंच घरातून समजलं. आमच्या दोघी जाऊन आल्या आहेत, येत्या रविवारी पुन्हा जाणार आहेत. तोवर फोटो थांबवला आहे.